पडद्यासमोर छायाचित्रणास परवानगी आहे

ऐतिहासिक पोशाखांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, असे संग्रहालयाने वस्त्रदालनात चार ठिकाणी लिहून ठेवले होते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी ते चारही ठिकाणी वाचले आणि मग पहारेकऱ्याला विचारले, "एकच काढू का? या झग्याच्या बाहीचा."

"नाही जमणार, ताई. उजेडानं कापड विटतं."

"बाहीवरचं भरतकाम माझ्या आईचं आहे. सत्तर वर्षं झाली. आता तिला अंथरुणातून उठवत नाही. तिला एकदा दाखवायचंय."

पहारेकऱ्याने झग्याखालची पाटी वाचली. तीवर 'कारागीर अज्ञात' असे होते. आईचा उल्लेख नसल्याने त्याने त्यांना दालनप्रमुखांकडे पाठवले.

प्रमुखांनी अर्ज दिला. त्यात 'छायाचित्राचा हेतू' या रकान्यात संशोधन, प्रकाशन आणि शासकीय असे तीन पर्याय होते.

"संशोधनावर खूण करा," प्रमुख म्हणाले. "फक्त मार्गदर्शकांचं पत्र जोडावं लागेल."

"आईचं चालेल? भरतकाम तिनंच शिकवलं मला."

"त्यांची पदवी काय?"

बाईंनी अर्ज परत सरकवला. "साहेब, माझ्या फोनचा फ्लॅश कधीचाच बिघडलाय. आणि उजेडाचंच म्हणाल, तर त्या झग्यावर आठ दिवे दिवसभर जळतात. त्यांचं काय?"

प्रमुखांनी चष्मा काढला. हा मुद्दा अकरा वर्षांत कोणी मांडला नव्हता. त्यांनी तातडीने समिती नेमली, समितीने आठही दिवे काढायला लावले आणि बाईंना 'मौलिक सूचनेबद्दल' आभाराचे पत्र गेले.

अंधारात काही दिसेना, म्हणून लोक मोबाइलचे टॉर्च मारू लागले. हा उजेड दिव्यांपेक्षा घातक ठरल्याने झग्यापुढे जाड मखमली पडदा लावण्यात आला. तिकीट काढून पडदा काय बघायचा, अशा तक्रारी आल्या. त्यांची दखल घेऊन पडद्याशेजारी नवी पाटी लागली : 'येथे छायाचित्रणास परवानगी आहे.' चेहरे नीट यावेत म्हणून समोर दोन दिवेही बसवले. महिन्याभरात जिन्यापर्यंत रांग गेली.

बाई पुन्हा आल्या, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना ओळखले. इकडेतिकडे बघत तो हळूच म्हणाला, "ताई, मी जरा पडदा सरकवतो. तुम्ही पटकन काढून घ्या."

त्याने पडद्याला हात लावला मात्र, रांगेतून आवाज आला, "ओ, पडदा कशाला हलवताय? चुण्या पडतील. आमचा फोटो बिघडेल."

"मागे झगा आहे हो," बाई म्हणाल्या. "बाहीवर माझ्या आईचं भरतकाम आहे."

"असू दे ना. आमचं झालं की बघा."

रांग संपायच्या आत दालन बंद व्हायची वेळ झाली. घरी आईने विचारले, "टाके कुठं उसवले नाहीत ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अगदी आहे तसं आहे."

रांगेत उभे राहून तुम्ही काढलेला फोटो मात्र छान आलाय. पडद्यावर एकही चुणी नाही.