महादू आचाऱ्याच्या तीन क्रांत्या

कर्जतमधले बाकीचे आचारी लग्नाच्या चुलीपुढे नारळ फोडत. आमच्या शेजारचे महादूकाका मात्र पाटावर एक पाव, चिमूटभर चहापूड आणि मिठाचा लहानसा ढीग मांडत, हात जोडत आणि मगच चूल पेटवत. नवखा यजमान चक्रावून विचारायचा, "हे कुठलं दैवत?"

"तीन क्रांत्या हायेत. बसा, सांगतो."

जो बसला त्याच्या पुढ्यात लसणाची पाटी सरकायची. फ्रान्स संपेपर्यंत अर्धी पाटी सोलून व्हायची.

ही विद्या काकांना तुरुंगात मिळाली होती. बेचाळीसच्या चळवळीत ते धरले गेले, आठ महिने आत होते आणि हाताला चव म्हणून भटारखान्यात नेमले गेले. तिथे त्यांच्या जोडीला एक प्रोफेसर होते. प्रोफेसरांना पोळी येत नव्हती आणि काकांना इतिहास येत नव्हता. "प्रोफेसरची पोळी शेवटपरेंत नकाशासारखीच राह्यली," काका सांगायचे, "पन मानूस मोठा. त्याच पोळीवर बोट ठेवून मला पॅरिस दाखवलंन."

त्या पोळीवरून काकांनी आपला सिद्धांत काढला होता. "फ्रान्सात बाया पावासाठी राजाच्या महालावर चालून गेल्या. का? तर पाव हवा होता. अमेरिकेत लोकांनी सायबाचा चहा दर्यात फेकला. का? तर त्याच्या कराचा चहा नको होता. आन आपन मीठ उचललं. का? तर ते आपलंच होतं. हवं, नको आन आपलं. बाई, जगात चौथी क्रांती नाय."

मी कर्जतच्या शाळेत इतिहास शिकवायचे. एकदा मुद्दाम विचारलं, "मग रशियाचं काय, काका?" काका झारा तसाच हातात धरून विचारात पडले. दोन दिवसांनी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "बाई, रशिया पावातच धरा!"

एकदा मी त्यांना नववीच्या वर्गात बोलावलं. मुलं खूश झाली. सहामाहीत मात्र एकाने लिहिलं की समुद्रात टाकल्याने चहा खारट झाला, म्हणून अमेरिकेतले लोक चिडले. हेडमास्तरांनी तो पेपर मला उभं करून वाचून दाखवला. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "अर्धा मार्क तरी द्या. त्याला चव कळतीया."

गल्लीतली भांडणंही ते याच तीन खणांत टाकत. नळावर बादल्या आपटल्या की "हवं". सुनेने सासूने दिलेलं जुनं लुगडं परत केलं की "नको". सगळे हसत. मीही हसायचे.

मग चौक गावाजवळच्या एका खेड्यातलं ते लग्न आलं. मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून मी सकाळीच गेले होते. मांडवामागे काकांच्या चुली धडधडत होत्या. ठाकरवाडीतल्या पाच बायका आदल्या दिवसापासून पाणी भरत होत्या, भांडी घासत होत्या. वऱ्हाडाची पहिली पंगत बसली, तेव्हा काकांनी मुलीच्या बापाला सहज विचारलं, "मालक, या बाया कितव्या पंगतीला?"

"त्यांचं काय एवढं? सगळे उठले की उरेल ते बांधून नेतील."

मिठाचा पत्र्याचा डबा काकांनी झाकण लावून जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले.

"वाढप कुठं अडलंय?" मालकांनी विचारलं.

"वरन, आमटी, भाजी, समदं तयार हाय. मीठ तेवढं घालायचं राह्यलंय."

"मग घाल की!"

"बाया पानावर बसल्या की घालतो."

मालक लालबुंद झाले. "महादू, तीनशे माणूस खोळंबलंय!"

"फ्रान्सच्या राजालाबी कुनी तरी असंच सांगितलं असंल, मालक. त्यानं वेळेत ऐकलं नाय."

"दुसरा आचारी आणीन!"

"आना. मीठबी आना."

तिथेच घोडं पेंड खात होतं. घरातलं सगळं मीठ त्या डब्यात होतं आणि गावातला एकुलता एक दुकानदार पहिल्या पंगतीत मोक्याची जागा धरून बसला होता. दुकान उघडायला उठ म्हटलं, तर तो उठेना.

शेवटी मुलीची आई आतून आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाच पत्रावळी घेतल्या आणि पंगतीच्या टोकाला मांडल्या. "पोरीच्या लग्नात अळणी वाढू काय?" एवढंच म्हणाली.

बायका पदर सावरत मागे सरकल्या. "आमी मागनं खातू," त्यांच्यातली वयस्क गोमी म्हणाली.

"बस गं गोमे," काका डब्यावरून उठत म्हणाले. "आमटी तुझ्यासाठी थांबलीया."

मीठ पडलं, पळ्या फिरल्या. वऱ्हाडातल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली, पण आमटीचा वास सुटला होता, त्यामुळे पानावरून कोणी हललं नाही. त्या पाचजणींना काकांनी स्वतः वाढलं. जिलबीचा आग्रह असा की जणू त्याच विहिणी.

परतताना एस.टी.त मी हसत विचारलं, "काका, आजची कुठल्या खणात टाकायची?"

काका हसले नाहीत.

"मी तुरुंगात होतो ना बाई, तवा आमची ही लग्नाघरी भांडी घासायची. मी आत प्रोफेसरसंगती गरम पोळ्या खायाचो, आन ती तिकडं समदी उठल्यावर जेवायची. उरलं तर. मी सुटून आलो, हारतुरे झाले. ही कायबी बोलली नाय. ती गेल्यावर तिच्या भयनीनं सांगितलं." मग म्हणाले, "इतक्या लग्नांत वाढलं, पन तिला कधी पानावर बसवून वाढलं नाय."

उतरल्यावर मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. त्यांच्या घरी एकट्यासाठी चूल पेटत नसे, हे मला ठाऊक होतं. आमच्या ह्यांच्या शेजारी त्यांचं पान मांडलं. सासूबाई आणि मी वाढायला उभ्या होतो. काकांचा हात पानावर जाईना.

"आजी, तुमी?"

"आम्ही मागून बसू रे."

"मंग मीबी मागूनच बसतो." आणि ते खरंच उठले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. मग भाताचं पातेलं मधोमध ठेवलं, आपलं ताट ओढलं आणि बसल्या. त्यांना मी पुरुषांच्या पंगतीला प्रथमच पाहत होते. ह्यांनी मुकाट्याने सरकून मलाही जागा केली.

काकांना सासूबाईंनीच भात वाढला.

"पुरे, आजी."

"पुरे काय? वीस वर्षं शेजारी राहतोस, कधी जेवायला आला नाहीस तो!"

"कुनी बोलावलं नाय," काका साधेपणाने म्हणाले. "आचाऱ्याला कोन जेवायला बोलावनार, आजी?"

सासूबाईंनी काकांच्या भातावर तुपाची दुसरी धार धरली. काका मान खाली घालून जेवू लागले आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून आणखी भात मागितला.