शून्य धुराचं इंजिन

समितीचे साहेब येणार म्हणून भूपेशने जूचंद्रच्या आपल्या गॅरेजात गाडी उलटी लावून ठेवली होती, म्हणजे मागचा सायलेन्सर थेट फाटकाकडे. धूर किती कमी येतो ते साहेबांना आत शिरतानाच दिसावं, हा हेतू. कमी पेट्रोल पिणारं, कमी धूर सोडणारं इंजिन जो बनवील त्याला सरकार मदत करणार होतं, आणि असंच इंजिन बनवण्यापायी भूपेशने चांगली नोकरी सोडली होती. ते चालताना एकदा कुणी जाणत्या माणसाने बघावं, यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

आता रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्रमध्ये पाहुणा यावा आणि दारात रांगोळी नसावी, हे काही होणं नाही. त्याच्या बायकोने, हेमांगीने, फाटकात अख्खी मोटार रेखली, अगदी आरशांसकट. सासूबाई कृष्णाबाई एरवी सुनेच्या कामात खोट काढल्याशिवाय चहा घेत नसत. त्या दिवशी मात्र त्यासुद्धा कौतुकाने बघत बसल्या.

प्रल्हाद सोनटक्के साहेब रांगोळीला वळसा घालून आत आले. धूर मोजायचं यंत्र मांडून म्हणाले, "करा सुरू."

भूपेशने देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि गप्प बसलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्याने प्लग काढून पुसले, पेट्रोल बघितलं, वायरी हलवल्या.

"साहेब, काल कामणपर्यंत जाऊन आली हो!"

"काल मी नव्हतो," साहेब म्हणाले.

शेवटी बॅटरीनेही मान टाकली. भूपेशला रडू यायचंच बाकी होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खुपसली, आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"धूर शून्य!"

"साहेब, इंजिन बंद आहे."

"ते मला दिसतंय. आवाज?"

"नाही."

"पेट्रोल किती खाल्लं?"

"काहीच नाही, पण..."

"शाब्बास! पास."

"अहो साहेब, ते सुरूच झालं नाही!"

"सुरू होणं दुसऱ्या टप्प्यात येतं." साहेबांनी आवाज खाली आणला. "मार्च संपत आला, भूपेशराव. निधी तसाच परत गेला तर वरचे लोक माझी हजामत करतील."

जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या जेवून साहेब निघून गेले. भूपेश डोक्याला हात लावून पायरीवर बसला. पास झाल्याचं एवढं दुःख त्याला शाळेतही कधी झालं नव्हतं.

कृष्णाबाई बाहेर आल्या. "गेला काय रं सायेब? मंग आता ती चिंधी घेव का भायेर?"

"कसली चिंधी?"

"माजे जुने लुगऱ्याची. तुजे गारीचे नलीन कोंबलेली, लाटन्यानी, पार आतपरत. सूनबाईनी एवरी रांगोली घातली, धुरानी काली परली असती ना!"

भूपेश ताडकन उठला, वाकड्या तारेने चिंधी ओढून काढली, दुसरी बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. धूर इतका विरळ, की रांगोळीचा एक कणसुद्धा काळा पडला नाही.

"आगो बाय!" कृष्णाबाई म्हणाल्या. "मी उगाच लाटना बाटवला."

भूपेशचे डोळे भरून आले. त्याने तिथूनच फोन लावला. "साहेब, सुरू झालं! धूर अगदी नावाला!"

"नावाला म्हणजे? आहे?"

"थोडासा. दुसऱ्या कुठल्याही गाडीपेक्षा..."

"थोडासा?" साहेब ओरडले. "अहो, मी शून्यावर मंजुरी दिलीय! आमचे मोठे साहेब खूश होऊन उद्या स्वतः बघायला येतायत. आधी बंद करा ते! आज होतं तस्संच पाहिजे मला."

भूपेशने किल्ली उलटी फिरवली. गॅरेजात शांतता पसरली.

"काय बोलला सायेब?" कृष्णाबाईंनी विचारलं.

भूपेश सायलेन्सरपाशी जाऊन वाकला. मग म्हणाला, "आये, ती चिंधी टाकू नको."