फोनमधला टेम्पो

धुण्याचं मशीन फुकट मिळणार म्हटल्यावर कोणती लेकुरवाळी गप्प बसेल? घरात तान्हं बाळ, रोज लंगोटांचा डोंगर, आणि साबणाने हात असे खरखरीत झालेले की बाळाच्या गालाला लावायचीही भीती. म्हणून सूनबाईने नवऱ्याचा फोन घेतला आणि खजिना शोधायच्या स्पर्धेत नाव घालून टाकलं.

स्पर्धा अशी, की फोनवर एका जागेचा फोटो येणार. मग नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंमधून, बाणावर बोट दाबत, बसस्टँडपासून निघून ती जागा शोधायची आणि तिच्यावर बोट ठेवायचं. शेवटच्या फेरीत जो पहिला पोचेल, त्याचं मशीन.

सूनबाई मुळात भित्री. बाळ झाल्यापासून तर वाऱ्याने दार वाजलं तरी दचकायची. नकाशातही ती फुटपाथ सोडत नसे. रस्ता ओलांडायचा झाला की फोटो आधी उजवीकडे फिरवी, मग डावीकडे, मगच पुढे. (एकदा फोटोत कुत्रं दिसलं, तर बाई अख्ख्या गल्लीला वळसा घालून गेली.)

"अगं, फोटो आहे तो!" नवऱ्याने कपाळावर हात मारला. "फोटोतली गाडी अंगावर येते का?"

"मला कळतं हो. पण सवय ती सवय. उद्या बाळाला घेऊन जाताना बघायला विसरले म्हणजे?"

नवरा शर्टाला इस्त्री करायला गेला.

तरी पठ्ठी शेवटच्या फेरीत पोचली! पोचलेल्यांत समोरची पार्लरवालीही होती. (तिला मशीन कशाला? घरात ती आणि एक मांजर, तेही स्वतःला चाटून स्वच्छ होणारं.)

रविवारी सकाळी नवरा इस्त्री करत असतानाच शेवटचा फोटो आला. लाल दार, फुटकी पिवळी बादली, आणि फोटो काढणाऱ्यावर झाडू उगारलेली एक बाई. तोंड पुसट केलेलं. सूनबाईने बाळाला मांडीवर थोपटत शहर पालथं घातलं. लाल दारं सापडली, बादल्या सापडल्या, झाडूवाली काही सापडेना.

तेवढ्यात सासूबाई चष्मा पुसत फोनमध्ये डोकावल्या.

"अगं बाई! ही तर मी!"

"तुम्ही?"

"मीच की! नुकताच ओटा धुतला होता, आणि हा फोटोवाला मेला आला गाडीच्या टपावर कॅमेरा लावून, चिखल उडवत. म्हटलं, थांब, झाडूच खा! तू यायच्या आधी आपलं दार लालच होतं."

म्हणजे खजिना आपल्याच घरी! एकच गोंधळ उडाला. बाळाने भोकाड पसरलं, इस्त्रीखाली शर्ट करपायला लागला, पण शुद्ध कोणाला होती?

"पळ गं, पळ!" सासूबाईंनी पदर खोचला, जणू त्याच पळणार होत्या.

सूनबाईचं बोट बसस्टँडवरून धावत सुटलं. दवाखाना... शाळा... पिठाची गिरणी... आली, आपली गल्ली आली! बोट समोरच्या फुटपाथवर येऊन ठेपलं. पलीकडे लाल दार, दारात सासूबाई, झाडूसकट. आता फक्त रस्ता ओलांडायचा. तिने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं.

आणि थांबली.

"दाब की!" नवरा ओरडला.

"थांबा हो, येतोय तो."

"कोण येतोय?"

इतक्यात समोरच्या पार्लरमधून किंकाळी आली, "जिंकले! अहो, मी जिंकले!" इकडे फोनवरही 'स्पर्धा संपली' अशी पाटी लागली. (पार्लरवालीने म्हणे फोटो बघताक्षणी झाडू ओळखला. तिच्या मांजराने तो खाल्लेला होता.)

नवरा मटकन खाली बसला. "अगं, तू वाट कशाची बघत होतीस?"

सूनबाईने फोन त्याच्यापुढे धरला. "टेम्पो जायची."

त्याने फोनमध्ये पाहिलं. डावीकडून एक टेम्पो खरंच येत होता. फोटो काढला त्या दिवसापासून तो तिथेच येत होता.

पुढच्या आठवड्यात पार्लरवालीकडे मशीन आलं. सूनबाई लंगोटांची बादली कडेवर घेऊन भर रस्त्यात उभी राहून समोरच्या दाराकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती उजवं-डावं बघायला विसरली होती. डावीकडून हॉर्नवर हॉर्न वाजू लागला.

"सूनबाई, बाजूला हो!" सासूबाई ओट्यावरून झाडू हलवत ओरडल्या. "हा टेम्पो चालतो!"