जबलवरचा तेरडा

लग्न ठरताना मारलेली थाप दाजीला पहिल्याच गौरीला नडली.

'बहरीनला रानबीन आहे का हो?' असं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं. तिथल्या मआमीर गावात एसी वर्कशॉपात फोरमन असलेल्या दाजीने, मुलगी हातची जाऊ नये म्हणून, ठोकून दिलं, 'मोठा डोंगर आहे. भादव्यात तेरडा फुलतो, झाडांखाली नेचे माजतात.' यातला डोंगर तेवढा खरा होता. बेटाच्या मधोमध, उघडाबोडका. सगळे त्याला जबल म्हणत.

सासरे शब्दाला चिकटले. त्यांच्या संगमेश्वराकडे गौर म्हणजे डोंगरातून मुळासकट आणलेला तेरडा. "तिथल्या डोंगरातल्या तेरड्याची गौर बसली तर सुरेखा तिथे नांदेल. नाहीतर तिला घेऊन ये," असं बजावून त्यांनी बायकोला, गंगूबाईंना, विमानात बसवलं. सुरेखाला ईसा टाउनचा फ्लॅट सोडायचा नव्हता आणि दाजीला सुरेखा.

गंगूबाई आल्या त्या एक कापडी पिशवी छातीशी धरून. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "देवाचं हाय."

दाजीचा सगळा भरवसा ताहिरवर होता. वर्कशॉपातला हा स्टोअरकीपर रत्नागिरीहून सुट्टी संपवून परतत होता. तो गौरीच्या आदल्या दिवशी उतरला, ओल्या गोणपाटात गुलाबी तेरडा आणि एक नेचा घेऊन.

"तेरडा रस्त्याकडेला मिळाला," तो कंबर चोळत म्हणाला. "पण तुझ्या नेच्यासाठी आंबा घाटात दोन दिवस रान पालथं घातलं. शेवटी कड्यावरून घसरलो. कंबर खलास."

"तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही."

"ते राहू दे. पिकअपात पेट्रोल घाल."

त्याच संध्याकाळी दोघांनी जबलवर जाऊन एका काटेरी झुडपाच्या सावलीत ते रान लावलं. वर बाटलीभर पाणी ओतलं.

सकाळी गंगूबाई पिशवीसकट पिकअपात दाजी आणि ताहिरच्या शेजारी बसल्या. जबल दिसला. झाड नाही, गवत नाही, नुसते दगड आणि तेलाचे पाइप. दाजीला दरदरून घाम फुटला, आणि तो सगळाच उन्हाचा नव्हता.

"रान जरा... आत आहे," तो म्हणाला.

"असंल," गंगूबाई म्हणाल्या. "तुमी खालच्या अंगाला शोधा. मी वरती बघून येत्ये."

दाजीला हवं होतं तेच झालं. तो धावत झुडपापाशी गेला. सुदैवाने बकऱ्या फिरकल्या नव्हत्या. तेरडा उपटून, नेचा काखेत मारून तो विजयी मुद्रेने वळला. समोरून गंगूबाई येत होत्या. त्यांच्या हातात पांढऱ्या तेरड्याची जुडी होती आणि खांद्यावरची पिशवी रिकामी लोंबत होती.

दोघं समोरासमोर थांबले. पायाखाली जबलची पांढरी फटक माती. दोन्ही जुड्यांच्या मुळांना मात्र कोकणातली तांबडी माती चिकटलेली. ताहिर कंबर विसरून आकाशाकडे बघू लागला.

दाजीच्या सगळं लक्षात आलं. सासूची चोरी सांगावी तर आपली कुठे लपवणार?

गंगूबाईंनी नेचा उलटसुलट करून पाहिला. "ह्यो आमच्याकडंसुदा हल्ली मिळत नाय," त्या म्हणाल्या. मग दोन्ही जुड्या एकत्र करून पदराखाली घेतल्या आणि पिकअपकडे चालू लागल्या.

"जावयबापू, घरी गेल्यावर तुमच्या सासऱ्यांना फोन लावा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "सांगा, रान लय दाट हाय."