फोटोखालच्या ओळी

"रत्नागिरीच्या तरुणांचं खरंखुरं चित्र मीच दाखवणार!" असं मी वर्गात ठणकावलं होतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही संगीताचं मासिक काढत होतो आणि मी, स्नेहल, त्याची संपादक. शहाणपण नुसतं उतू जात होतं!

मधल्या पानावर दोन फोटो. एक आमच्या वाडीतल्या धम्मदीपचा. काळी हुडी घालून रॅप करतो. दुसरा पालीच्या सागरचा. भजनात पखवाज वाजवतो, कपाळाला बुक्का. ओळी मी कुणालाही न विचारता लिहिल्या. पखवाजवाल्याला 'पहाटे उठणारा, घरच्यांचा शब्द न मोडणारा'. रॅपवाल्याला 'दुपारी उठणारा, कुणालाही न जुमानणारा'.

आणि मांडणीत दोन्ही ओळींची अदलाबदल झाली! मासिक वाटल्यावर कळलं.

पहिला फोन सागरचा, कॉलेजच्या वाटेवरून. "काय गो! मी दुपारी उठतो हे तुला कोणी सांगितलं? आईने मासिकाची गुंडाळी करून पाठीत घातली!"

"चुकलं रे! ती ओळ धम्मदीपची होती."

"मग माझ्याबद्दल खरी कशी निघाली?"

तेवढ्यात धम्मदीप वर्गात आला. मी घाईघाईने त्याला त्याची मूळ ओळ सांगितली. त्याचा चेहराच उतरला.

"मी पाचला उठून आजीचं पाणी भरतो, स्नेहल. हुडी घालतो, कारण विहिरीवर गारठा असतो! एकदा विचारायचं तरी होतंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून विमला मॅडम आल्या. "सगळ्या प्रती परत घे. ओळी जागच्या जागी लाव, नाहीतर मार्क विसर!"

"नाही लावणार!" माझा आवाज घाटातल्या एसटीच्या हॉर्नसारखा निघाला. "मॅडम, चूक मांडणीत नाही झाली, माझ्या डोक्यात झाली होती. मांडणीत ती सुधारली! मार्क कापा, पण खोटं मी छापणार नाही!"

इतक्यात सागर धापा टाकत दारात उभा. "अजिबात छापू नको! माझा मार खाऊन झालाय!"

बाकं दणाणली. माझी मान ताठच ताठ!

मॅडमनी शांतपणे मुखपृष्ठ वर धरलं. "बरं. मासिकाचं नाव 'तरुणांचा ताल' ठरलं होतं ना? इथे 'तरुणांचा ताप' छापलंय. हेही मांडणीने सुधारलंच का?"

दुपारभर मी कागदाचे 'ल' कापत बसले होते. चिकटवायला धम्मदीप आला, म्हणून निभावलं!