विस्कॉन्सिनची वारसनोंद

"वंशावळ ना? आठ दिवसांत हातात देतो!" हरिहरराव म्हणाले. "नेट स्लो असेल तर नऊ!"

हे त्यांनी ऐकवलं शेजारच्या रीतबाईंना. न्यूनेनमधलं मुलाचं अंगण, मध्ये कोरोनाचं सरकारी दीड मीटर अंतर आणि हरिहररावांचं तालुक्याच्या ठिकाणचं इंग्रजी. पण आवाजात काय जरब, मंडळी! चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेला माणूस तो. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द त्यांना झोपेतून उठवून विचारावेत! सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देईनात, तिथे यांनी सात पिढ्या एका कागदावर बसवल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हा तलाठी हॉलंडमध्ये काय करत होता? अहो, अडकला होता! दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी ओमकारकडे आले आणि मार्चात विमानंच बंद. जूनपर्यंत त्यांचं सुनेचं स्वयंपाकघर तीनदा 'लावून' झालं होतं. वल्लरी घरूनच ऑफिसचं काम करायची. मीटिंगमध्ये माइक म्यूट करून ती ओरडायची, "बाबा, जिरं कुठे ठेवलंत?" आणि हरिहरराव उत्तर द्यायचे, "जि च्या खणात, जवसाच्या नंतर!" चौथ्यांदा हात लावलात तर बघा, असं तिने गोड शब्दांत सांगितलं होतं. त्यामुळे रीतबाईंनी काम सांगितलं, तेव्हा त्यांना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

काम असं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून डार्लीन नावाच्या बाईंचं गावाच्या इतिहास मंडळाला पत्र आलं होतं. त्यांचे मूळपुरुष योहानेस विल्हेल्मस फान रॉय १८५०मध्ये न्यूनेनहून तिकडे गेले, जंगल तोडून शेत केलं, बर्फात गाई जगवल्या. दर जुलैत त्या शेतावरच्या कोठारात दोनशे वंशज जमतात. यंदा कोरोनामुळे झूमवर जमणार. तर गावात कुणी नातेवाईक उरलेत का? असतील तर पुराव्यासह कळवावं.

"तो माझ्या पणजोबांचा भाऊ," रीतबाई म्हणाल्या. वय एकोणऐंशी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकुलता भाऊ अठ्ठ्याण्णव साली गेला. बुधवारचा पत्त्यांचा क्लबही बंद पडलेला. "मिस्टर हारी, मला जगात आता एवढीच माणसं उरलीत. तीही मी अजून बघितलेली नाहीत."

हरिहररावांना गलबलून आलं. त्यांनी लगेच नवी वही काढली.

रीतबाईंनी पुरावा म्हणून बिस्किटांच्या डब्यातून एक जुनं पत्र आणलं. त्याचा पहिला कागद उंदरांनी खाल्लेला, पण पाकिटावर पत्ता धडधडीत: मार्टिनस फान रॉय, न्यूनेन. "हे त्याचे वडील. माझे खापरपणजोबा," रीतबाई म्हणाल्या.

हरिहरराव हसले. साहेब लोक हसतात तसं!

"बाई, मुलाचं नाव काय? योहानेस विल्हेल्मस. पहिलं नाव मुलाचं, दुसरं बापाचं, तिसरं आडनाव. म्हणजे बाप विल्हेल्मस! मी हरिहर मनोहर खटावकर. माझे वडील मनोहर. माझा मुलगा ओमकार हरिहर. जगात हाच नियम आहे. मार्टिनस हा चुलता असणार. भाऊबंदकीत पत्रं चुलत्याच्या पत्त्यावर येतातच!"

"पण माझी आजी सांगायची..."

"तोंडी पुरावा!" हरिहररावांनी हात झटकला.

चर्चची जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं नेटवर होती. वल्लरीने जेवणाच्या सुट्टीत ती उघडून दिली आणि कुठला रकाना कशाचा ते सांगितलं: मूल, बाप, आई आणि बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारा धर्मपिता. गावात निम्म्या घरांचं आडनाव फान रॉय! पण आपला माणूस डगमगला नाही. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. त्या काळातले दोन योहानेस सापडले. एकाचा बाप मार्टिनस, दुसऱ्याचा बाप विल्हेल्मस. हरिहररावांनी पहिल्यावर काट मारली, दुसरा धरला आणि पिढ्या उतरत खाली आले. विल्हेल्मसचा पणतू, पणतूचा मुलगा कॉर्नेलिस, आणि कॉर्नेलिसचं नाव एका घराच्या दगडावर कोरलेलं! हरिहरराव तो दगड बघायला धावत गेले. दगड सापडला. रीतबाईंच्या पलीकडच्या घरावर!

त्या घरात टोन राहायचा. कॉर्नेलिसचा मुलगा. मंडळी, टोन आणि रीतबाई यांच्यात एकतीस वर्षं अबोला होता. कारण? दोघांच्या मधलं हिरवं कुंपण. ते कुणी आणि किती कापायचं! हरिहरराव आल्या आठवड्यातच म्हणाले होते, "अरे, हे तर बांधाचं भांडण! म्हणजे देश सुधारलेला आहे!"

आता मात्र त्यांना घाम फुटला. कागद सांगत होता, वारस टोन. रीतबाईंचा संबंध नाही. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

"बाबा, नका ना सांगू त्यांना," वल्लरी म्हणाली. "एकट्या आहेत हो. कुठे बिघडतंय?"

"चौतीस वर्षांत खोटी नोंद केली नाही मी, वल्लरी!"

आणि त्यांनी खरी नोंद केली. सुवाच्य इंग्रजीत वंशावळ लिहिली, सोबत नावांचा नियम समजावणारं दोन पानी परिशिष्ट जोडलं. शिक्क्याशिवाय कागद कसा पाठवायचा? मग वल्लरीने भाजीला काढलेला सर्वांत मोठा बटाटा कापून हरिहररावांनी गोल शिक्का कोरला! डार्लीनबाईंचं उलट उत्तर आलं, इतका देखणा सरकारी दस्तऐवज आम्ही जन्मात पाहिला नाही.

रीतबाईंना त्यांनी अंगणातूनच सांगितलं. त्या उठल्या. बिस्किटांचा डबा उचलून आत गेल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. ज्या देशात भर रात्रीही कुणी पडदा ओढत नाही, तिथे दिवसाढवळ्या पडदा!

टोनला बातमी कळली आणि तो फुगला! दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात अमेरिकेचा झेंडा. तिसऱ्या दिवशी डोक्यावर काऊबॉयची टोपी. चौथ्या दिवशी त्याने कुंपणाजवळ उभं राहून, रीतबाईंना ऐकू जाईल अशा बेताने, फोनवर मोठमोठ्याने इंग्रजी झाडलं. पलीकडे फोनवर कुणी नव्हतं, हे ओमकारने खात्रीने सांगितलं.

जुलैतला पहिला रविवार. संध्याकाळचे पाच. ओमकारच्या अंगणात टेबलावर टॅबलेट, समोर टोपीसकट टोन, दीड मीटरवर हरिहरराव कोट घालून. पडद्यावर चाळीस चौकोन आणि त्यांत कॉफी पिणारे दोनशे अमेरिकन! सुरुवातीला डार्लीनबाईंनी विनंती केली, मिस्टर खटावकरांनी तो नावांचा नियम सगळ्यांना समजावून सांगावा. मग काय! हरिहरराव वीस मिनिटं बोलले. कुलवृत्तांताचं पुस्तक करणारे नॉर्बर्टकाका तर एकेक शब्द लिहून घेत होते. एकविसाव्या मिनिटाला काकांचं नेट गेलं आणि चौकोन काळा झाला.

"आता वारसाने आपलं पूर्ण नाव सांगावं," हरिहरराव टोनला म्हणाले. "आपलं, वडिलांचं, आडनाव!"

टोन उभा राहिला. टोपी छातीशी धरली. "अंतोनियस मारिया फान रॉय!"

"आईचं नाही, टोन. वडिलांचं."

"आई पेट्रोनेला होती."

"मग मारिया कोण?"

"कोण म्हणजे? येशूची आई! इथल्या कॅथलिक पोरांना लावतात ते नाव. माझ्या भावालाही होतं. गवळ्यालाही होतं!"

हरिहररावांनी कानावरची पेन्सिल काढली. "आणि... योहानेस विल्हेल्मस? तो विल्हेल्मस?"

टोनने खांदे उडवले. "धर्मपिता असेल. बहुतेक त्याचंच नाव ठेवायचे."

हरिहररावांनी वही उघडली. काट मारलेली नोंद अजून वाचता येत होती. मूल योहानेस विल्हेल्मस. बाप मार्टिनस. धर्मपिता विल्हेल्मस! सगळं त्यांच्याच अक्षरात. धर्मपित्याच्या रकान्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. आणि त्यांनी धरलेला योहानेस? त्याच्या नावापुढे दुसरं नावच नव्हतं!

"थांबा!" ते टॅबलेटपुढे ओरडले. "फेरफार रद्द!"

दोनशे अमेरिकनांना फेरफार कळला नाही, पण कॉफीचे कप मात्र खाली आले. हरिहरराव कोटासकट रीतबाईंच्या दाराकडे धावले आणि बेल वाजवून नियमाप्रमाणे मागे सरकले.

दार बोटभर उघडलं. "मी कुणाची नातेवाईक नाही," आतून आवाज आला.

"बाई, मी चुकलो!" हरिहरराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, तेही परक्या भाषेत. "तुमची आजी बरोबर होती. तोंडी पुरावा बरोबर होता. मी गाढव! ते पाकीट घ्या आणि चला!"

रीतबाई अ‍ॅप्रनवरच आल्या. पाकीट टॅबलेटपुढे धरलं. डार्लीनबाईंनी एकदा डोळे बारीक केले, उठून गेल्या आणि तिकडून पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. वरच्या पत्राखाली सही होती: तुझा बाप, मार्टिनस. पण डच वाचणारं त्या घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे मार्टिनस म्हणजे कोण, हे कुणाला धड माहीत नव्हतं! रीतबाई रडल्या, डार्लीनबाई रडल्या, हरिहरराव कोटाच्या बाहीला डोळे पुसत राहिले. टोन टोपी हातात घेऊन गुपचूप निघाला होता. "त्यालाही राहू दे," रीतबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "टोपी विकत घेऊन बसलाय बिचारा."

इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण नॉर्बर्टकाकांचं नेट गेलेलं, विसरलात का?

सप्टेंबरात विस्कॉन्सिनहून पार्सल आलं. कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक, छापलेलं, बांधलेलं! पहिल्या पानावर 'संशोधक: हरिहर खटावकर' आणि त्यांच्या बटाट्याचा शिक्का. नॉर्बर्टकाकांनी हरिहररावांचा नियम मनोभावे पाळला होता. डार्लीनबाईंकडून आलेल्या फॉर्मवरच्या प्रत्येक नावाला त्यांनी तो लावला. परिणामी मधलं नाव 'ली' असलेले विस्कॉन्सिनमधले अकरा पुरुष कुणा एका 'ली'ची मुलं ठरले होते. आणि शेवटच्या पानावर, न्यूनेन शाखेखाली: मार्गारेटा मारिया, म्हणजे रीतबाई, आणि अंतोनियस मारिया, म्हणजे टोन. वडिलांचं नाव: मारिया. दोघं सख्खी भावंडं!

हरिहररावांनी कपाळाला हात लावला. "बाई, फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मी आजच अर्ज लिहितो."

रीतबाईंनी ते पान दोनदा वाचलं. कुंपणाकडे बघितलं. पलीकडे टोन कैची घेऊन उभा होता, पुस्तकाची त्याची प्रत काखेत.

"काही लिहू नका," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांनी भाऊ मिळालाय." मग त्या कुंपणाजवळ गेल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा टोनशी बोलल्या. "काय रे, बहिणीच्या बाजूचंही कापणार आहेस, की फक्त स्वतःचं?"

टोनने मुकाट्याने दोन्ही बाजूंचं कुंपण कापलं. हरिहरराव घरात आले आणि उगाच मसाल्याच्या खणाशी घुटमळायला लागले.

"बाबा," वल्लरी म्यूट न करताच ओरडली, "हात लावू नका!"