दुपारनंतरचा अर्ज

बापूजींचा अर्ज सकाळी नसायचा आणि दुपारी असायचा.

हे पहिल्यांदा शकुबाईंच्या लक्षात आलं. मासेमारीसाठी भाड्याने द्यायच्या तलावांच्या पट्ट्यांचे अर्ज घेणाऱ्या त्या तालुका कचेरीत त्या कारकून होत्या. सकाळी साडेदहाला कॉम्प्युटरवर पाहून त्या म्हणाल्या, "बापूजी, तुमचा अर्ज नाई इथी." बापूजींनी आपल्या मच्छीमार संस्थेच्या नावाची पावती दाखवली. गावतलाव, अर्ज क्रमांक एक. मग ते व्हरांड्यात बसून राहिले. दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, तर अर्ज होता.

"सकाळी काऊन नव्हता मंग?" शकुबाई म्हणाल्या.

"आता जेवून आला असन," बापूजी म्हणाले.

हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. एका तलावासाठी दोन अर्ज आले तर ज्याचा आधी त्याला पट्टा, असा त्या वर्षीचा नियम होता. बापूजींनंतर दोन दिवसांनी भैयाजी ठेकेदाराने त्याच तलावासाठी अर्ज केला होता. तलाव गेला तर त्यातल्या मासळीवर जगणारी ढिवरांची सोळा घरं मिरची तोडायला आंध्रात जाणार होती.

कॉम्प्युटर प्रणितच्या ताब्यात होता. भद्रावतीचा, बी.एस्सी. झालेला, अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा. दोन दिवस तो घड्याळ आणि वही घेऊन सर्व्हरसमोर बसला, तेव्हा कारण सापडलं. अर्ज ठेवायची डिस्क सर्व्हरमध्ये नव्हतीच. ती वेगळ्या डब्यात, व्हरांड्याच्या टोकाला रेकॉर्डच्या खोलीत होती, आणि मध्ये नेटवर्कची वायर. सकाळी प्रणित आधी डबा चालू करायचा, मग सर्व्हर. दुपारी लाईट आली की दोन्ही एकदम चालू व्हायचे. सर्व्हर दोन मिनिटांत उठायचा, डब्याला पाच लागायची. डिस्क दिसली नाही तरी सर्व्हर कुरकुरत नसे. आपल्याकडचा त्याच नावाचा कप्पा उघडून त्यात तो वेगळी यादी करायचा. सकाळी डिस्क जोडली की ती त्या कप्प्यावर झाकणासारखी बसायची. बापूजींचा अर्ज दुपारचा होता, भैयाजीचा सकाळचा. म्हणून आपापल्या यादीत दोघांचाही क्रमांक एक होता.

बंद होतानाही तेच. सर्व्हर आधी वायर सोडायचा आणि मग डिस्क शोधत अडकून पडायचा. शेवटी शकुबाई बटन दाबून त्याला गप्प करत.

प्रणितने दोन्ही क्रम नीट लावले. चालू होताना आधी नेटवर्क, मग डब्याची वाट पाहणं, मग यादी. बंद होताना आधी यादी मिटायची, मग डिस्क सोडायची, वायर सगळ्यात शेवटी. त्या दुपारी लाईट आली आणि सगळं न अडकता चालू झालं. बापूजींचा अर्ज आता दुपारीही नव्हता.

"सुधरवला म्हणता भाऊ," बापूजी म्हणाले, "मले तं आधीचाच बरा होता."

"अर्ज हाय, बापूजी. खालच्या कप्प्यात हाय. त्याच्यावर डिस्क बसली."

"मंग उठवा ना तिले."

यादी त्याच दिवशी साडेचारच्या एसटीने मंजुरीसाठी चंद्रपूरच्या जिल्हा कचेरीत जायची होती. प्रणितने डिस्क सोडवून दुपारची यादी छापली, पुन्हा जोडून सकाळची छापली आणि दोन्ही पानं साहेबांपुढे ठेवली.

"एका तलावाले दोन नंबर एक?" साहेब म्हणाले.

"बापूजींचा आधीचा हाय, साहेब. तारीख पाहा."

"मग त्याले सकाळच्या यादीत टाक."

"टाकला तं आजची तारीख पडते. मुदत आठ दिवसांआधीच संपली."

"हातानं लिव."

"हातानं लिहिलेलं चंद्रपूरवाले घेत नाईत. तुमीच तं ते पत्र दाखवलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "दोन्ही पानं टाचून दे. तिथला बाबू पहिल्या पानाच्या पुढं जात नाई, बावीस वर्षं पाहून राह्यलो मी."

"मग पहिलं कोणतं ठेवू?"

"मले काय विचारतो? कॉम्प्युटर तू सुधरवला."

प्रणितने तारखा पुन्हा एकदा तपासल्या. मग दुपारचं पान वर ठेवलं आणि टाचलं.

महिन्याभराने मंजुरी आली. बाबूने खरंच पहिलंच पान वाचलं होतं. गावतलाव बापूजींच्या संस्थेला मिळाला. ते आले आणि पळसाच्या पानात बांधलेले झिंगे शकुबाईंच्या टेबलावर ठेवून गेले. दुपारच्या पानावर नऊ अर्ज होते. नऊही मंजूर झाले.

सकाळच्या पानावर बासष्ट होते.

सोमवारी साडेदहाला ते बासष्ट जण पावत्या घेऊन व्हरांड्यात उभे होते. भैयाजीसारखे त्यांत दोन-तीन, बाकी सगळे बापूजींसारखे. सगळ्यात पुढे रुखमाबाई नावाची एक म्हातारी होती, पायांत चप्पल नसलेली.

"माझा अर्ज हाय ना, भाऊ?"

प्रणितने पाहिलं. अर्ज होता. सकाळी होता, दुपारीही असणार होता.

"हाय ना, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्या पानावर हाय."